‘पोस्टमास्तर’मधील रतन : सेवा, मोल आणि माया

रवींद्रनाथ ठाकुरांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९६१ मध्ये, सत्यजित राय यांनी रवींद्रांशी संबंधित दोन कामे पुरी केली. एक, फिल्म्स डिव्हिजनसाठी तयार केलेला रवींद्रांच्या जीवनावरील माहितीपट. आणि दुसरे, रवींद्रांच्या तीन कथांवर आधारलेल्या तीन छोट्या चित्रपटांचा संच. या संचाला त्यांनी ‘तीन कन्या’ असे नाव दिले. ‘पोस्टमास्तर’, ‘मणिहारा’ व ‘समाप्ति’ या त्या तीन कथा. पैकी ‘मणिहारा’ची नायिका श्रीमंत घरातील दागिन्यांच्या हव्यासाने झपाटलेली गृहिणी आहे, ‘समाप्ति’ची नायिका गावभर हुंदडणारी अल्लड मुलगी आहे. तिघींमध्ये जिला पोटासाठी राबावे लागते अशी एकटी ‘पोस्टमास्तर’मधील रतनच. हा चित्रपट तासाभरालाही थोडा कमीच पडतो. परंतु कष्टकरी मुलीच्या जीवनाचा प्रश्न त्यात ज्या रीतीने उभा केला गेला आहे, ती रीत स्वतंत्र अभ्यासाला योग्य आहे.

अशा कृतीला मराठीत काय म्हणावे, ही एक लहानशी अडचण आहे. ‘लघुपट’ हा शब्द आपल्याकडे दीर्घकाळ बातमीपट व माहितीपट यांच्याच वाट्याला गेला. कथा सांगणाऱ्या छोट्या चित्रपटाला तो लावला की वाचकाच्या डोळ्यांपुढे धरणे आणि कारखाने उभे राहतात. राय यांच्या या तीन कृतींचे नाते लघुकथेशी आहे. एकच प्रसंगसूत्र, मोजकी पात्रे आणि शेवटाकडे सरकत जाणारा भार ही लघुकथेची अंगे त्यांच्यात जशीच्या तशी दिसतात. म्हणून येथे केवळ ‘चित्रपट’ हाच शब्द वापरला आहे.

मूळ कथा १८९१ सालची. ‘हितवादी’ या त्याच वर्षी निघालेल्या साप्ताहिकात ती प्रसिद्ध झाली. रवींद्रनाथ तेव्हा तिशीचे होते आणि वडिलोपार्जित जमीनदारीच्या देखरेखीसाठी पद्मेच्या परिसरात राहू लागले होते. शाहजादपूर येथील त्यांच्या कोठीतच खालच्या मजल्यावर टपाल कचेरी होती. हे गाव आज बांगलादेशात आहे. तेथील पोस्टमास्तर त्यांच्याकडे गप्पा मारायला येत असे, आणि कथा छापून आल्यावर त्याने संकोचाने हसत तिचा विषय काढला, असा उल्लेख रवींद्रांच्या पत्रांत आढळतो. कथेला आधार होता तो असा पोस्टमास्तरचा. रतनचा मागमूस मात्र त्या पत्रात नाही. टपाल खात्याच्या कागदोपत्री जो नोकर असतो त्याची आठवण उरते. त्या नोकराच्या घरी जी राबते तिची उरत नाही. कथेत मात्र हा क्रम उलटला आहे. तेथे पोस्टमास्तरला नाव नाही, नाव आहे ते फक्त मुलीला. राय यांनी पोस्टमास्तरला नंदलाल हे नाव दिले. पडद्यावर माणसाला चेहरा येतो, तेव्हा त्याला नावही लागते. या बदलाला त्याहून अधिक अर्थ चिकटवण्याचे कारण नाही.

रतनचे वय कथेत बारा-तेरा वर्षांचे सांगितले आहे. ती पोरकी आहे, आणि तिचे लग्न होण्याचा फारसा संभव नाही, असेही लेखक जाता जाता नोंदवतो. या नोंदीचे वजन त्या वर्षाचा इतिहास ध्यानात घेतल्यावाचून कळत नाही. १८९१ च्या मार्च महिन्यात संमतिवयाचा कायदा मंजूर झाला व मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारावर नेण्यात आले. कलकत्त्यात फुलमणी दासीच्या मृत्यूने आणि मुंबईत त्याआधी रखमाबाईंच्या खटल्याने लोकमत ढवळून निघाले होते. बेहरामजी मलबारींची चळवळ, रानडे-तेलंगांचा सुधारणेला पाठिंबा आणि ‘केसरी’तून टिळकांनी केलेला विरोध यांमुळे पुण्याचे वातावरण तर वाचकांना परिचितच आहे. सारांश, बारा वर्षांच्या मुलीचे काय करावे यावर देशातील दोन प्रमुख प्रांत वाद घालीत असतानाच ही कथा प्रसिद्ध झाली. पण तो सर्व वाद विवाहित मुलीविषयीचा होता. जिचे लग्न लावून द्यायलाच कोणी उरले नाही, ती मुलगी सुधारकाच्या लेखात नव्हती आणि सनातन्याच्या लेखातही नव्हती. रतन नेमकी तेथे उभी आहे.

तिचे काम काय, हे कथेत स्पष्ट आहे. ती पोस्टमास्तरच्या घरची कामे करते आणि त्याबदली तिला थोडेफार खायला मिळते. पगाराचा उल्लेख नाही. पोस्टमास्तरचाच पगार अल्प, त्याला स्वयंपाकही स्वतः करावा लागतो. अशा माणसाच्या घरची ही नोकर. आपल्या भाषेत ‘मोलकरीण’ या शब्दात मोल आहे, म्हणजे कामाची किंमत ठरलेली आहे. रतनचे मोल ठरलेले नाही, म्हणून तिला काटेकोरपणे मोलकरीणही म्हणता येत नाही. जुन्या मराठी घरांतून ‘वरकामाची पोर’ नावाचा जो प्रकार असे, त्याच्याशी तिची स्थिती अधिक जुळते : जेवणखाण, अंगावर जुने कपडे आणि ‘घरच्यासारखी’ असल्याचे आश्वासन. मोल ठरलेले नसले की एक चमत्कारिक गोष्ट घडते. काम किती झाले, किती उरले, याचा हिशेब कोणाकडेच राहत नाही; आणि मालकाने चार प्रेमाचे शब्द उच्चारले तर तोच मोबदला आहे, असे दोघांनाही वाटू लागते.

रवींद्रनाथांनी ही प्रक्रिया फार बारकाईने टिपली आहे. संध्याकाळी एकटा बसलेला पोस्टमास्तर रतनला हाक मारतो. ती त्या हाकेची वाट पाहत दाराशीच बसलेली असते, पण पहिल्या हाकेला आत येत नाही. कशाला बोलावले, असे विचारते. चूल पेटवायची आहे, असे सांगते. चुलीचे नंतर पाहू, आधी तंबाखू भरून आण, असे तो म्हणतो, आणि ती चिलमीवर फुंकर घालीत आत येते. मग गप्पा सुरू होतात. म्हणजे मायेचे बोलणेदेखील एक काम थांबवून दुसरे काम सांगूनच सुरू होते. त्या गप्पांत तिला आपला बाप आठवतो, धाकटा भाऊ आठवतो, डबक्याच्या काठी मोडक्या फांदीचा गळ करून खेळलेला मासेमारीचा खेळ आठवतो. गप्पा लांबल्या की पोस्टमास्तरला स्वयंपाकाचा कंटाळा येतो. सकाळची शिळी भाजी असतेच. रतन घाईघाईने चार पोळ्या भाजते आणि दोघांचे जेवण होते. हळूहळू ती त्याच्या घरच्या माणसांचा उल्लेख आई, ताई, दादा असा करू लागते, जणू जन्माची ओळख आहे. त्याला ती ‘दादाबाबू’ म्हणते. हा शब्द मराठीत उतरवणे अशक्यच. ‘दादा’ हे नाते आहे, ‘बाबू’ हे मालकपण आहे, आणि बंगाली घरातील नोकरांच्या तोंडी दोन्ही एका दमात येतात. त्यांतला कोणता अर्धा भाग खरा, हा कथेचा प्रश्न आहे.

पुढे तो तिला अक्षरे शिकवू लागतो. ती जोडाक्षरांपर्यंत जाते. मग पावसाळ्यात तो आजारी पडतो. ती वैद्याला बोलावते, वेळेवर औषध देते, रात्रभर उशाशी जागते, पथ्याचे अन्न रांधते. बालपण सरून तिने आईची जागा घेतल्याचे निवेदक सांगतो. मराठी वाचक येथे भावविवश होण्याची शक्यता आहे, आणि कथेची ती अपेक्षाही असावी. तथापि हीच आई बरे वाटू लागलेल्या रोग्याच्या खोलीबाहेर पुन्हा नोकराच्या जागी जाऊन बसते व जुना धडा घोकीत राहते. हाक आली आणि जोडाक्षरे चुकली तर काय, ही तिची भीती. हाक येत नाही. आत पोस्टमास्तर बदलीच्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहत असतो. अर्ज नामंजूर होतो आणि तो राजीनामा देऊन निघतो.

राय यांनी या कथेचा सांगाडा ठेवला आणि भोवतालचे गाव भरून काढले. विशय नावाचा वेडा त्यांनी नव्याने आणला. शहरातून आलेला नंदलाल त्याला पाहून भेदरतो आणि हातभर उंचीची रतन त्या वेड्याला सहज दटावून हुसकावते. कोण कोणाच्या आश्रयाला आहे, याचा उलगडा या एका विनोदी प्रसंगात होतो. गावातील वृद्धांची गाण्याबजावण्याची बैठकही राय यांचीच. तीत नंदलालचा अवघडलेपणा अनिल चट्टोपाध्याय यांनी फार संयमाने दाखवला आहे. आजाराला चित्रपटात मलेरियाचे स्पष्ट रूप मिळाले आहे. प्रत्यक्ष इतिहासात बंगाल सरकारने १८९२ पासून टपाल कचेऱ्यांतूनच क्विनीनच्या एका पैशाच्या पुड्या विकण्याची व्यवस्था केली होती. म्हणजे खेड्यातला पोस्टमास्तर हा पत्रांबरोबर तापाच्या औषधाचाही वाटेकरी होता, आणि तोच तापाने आडवा पडला तर त्याला ते औषध पाजणारी एक पोरकी मुलगी, हे चित्र कल्पनेपुरते नव्हते. चित्रपटाचे छायालेखन सौमेन्दु राय यांचे. स्वतंत्र छायालेखक म्हणून त्यांचे हे पहिलेच काम. संगीतही सत्यजित राय यांनी येथे प्रथमच स्वतः दिले.

आणखी एक बदल महत्त्वाचा आहे. चित्रपटात सुरुवातीला जुना पोस्टमास्तर नव्याच्या हाती कचेरी सोपवतो. टेबल, खुर्ची, शिक्के यांच्याप्रमाणे रतनही त्या सोपवणुकीत आहे. आधीच्या बाबूची तिच्याशी वागणूक कठोर होती. नंदलालची तशी नाही, एवढाच फरक, आणि तिच्या दृष्टीने तो जगाएवढा मोठा. कथेत ही साखळी दिसत नाही; तेथे रतनच्या आयुष्यात एकच पोस्टमास्तर आहे. राय यांनी आधीचा एक व नंतरचा एक असे दोन बाबू दाखवून नंदलालला रांगेत उभे केले. माणसे बदलतात, जागा तीच राहते, आणि त्या जागेबरोबर तिच्या वाट्याचे काम तेवढेच राहते.

आता शेवट. मूळ कथेत रतन त्याला विचारते की मला तुमच्या घरी न्याल का. तो हसतो, ते कसे शक्य आहे, असे म्हणतो. ते का शक्य नाही हे तिला समजावून सांगण्याची गरज त्याला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी, नव्या पोस्टमास्तरला तुझी काळजी घ्यायला सांगतो, असे तो सांगतो. इतके दिवस त्याचे रागाचे बोलणे निमूट सोसणारी ती मुलगी या दयेच्या बोलण्याने मात्र हुंदके देऊ लागते. निघताना तो वाटखर्चापुरते ठेवून जवळजवळ सगळा पगार तिच्यापुढे धरतो. ती पायांवर लोळण घेऊन सांगते की मला काही देऊ नका, माझी कोणी काळजी करायला नको. आणि पळून जाते. नाव सुटल्यावर त्याच्या मनात परत फिरावेसे येते, पण शिडात वारा भरलेला असतो. वियोग तर जगात होतच असतात, अशा तत्त्वविचारात तो मन गुंतवतो. रतनला असे तत्त्वज्ञान नाही. ती टपाल कचेरीभोवती रडत फिरत राहते.

या शेवटापूर्वी कथेत एक तपशील आहे, जो घाईच्या वाचनात निसटतो. पोस्टमास्तरला कलकत्त्याच्या सवयीप्रमाणे आणून ठेवलेल्या पाण्याने आंघोळ करायची सवय. जाण्याच्या दिवशी पहाटे तो उठतो तर पाणी तयार असते. तो केव्हा निघणार हे विचारण्याचे धैर्य रतनला झालेले नसते; पहाटेच निघाला तर अडचण नको, म्हणून तिने मध्यरात्री नदीवर जाऊन पाणी आणून ठेवलेले असते. तिचा संपूर्ण निरोप या पाण्यात आहे. ज्या माणसाने तिला नेण्यास नकार दिला, त्याच्या नकारावरचे तिचे उत्तर म्हणजे आणखी एक काम.

राय यांनी हे पाणी उचलून कथेच्या अगदी शेवटी नेऊन ठेवले. चित्रपटात नंदलाल निघाला आहे; रतनला द्यायला त्याने नाणे काढून हातात धरले आहे. समोरून रतन येते. तिच्या हातात पाण्याची जड बादली आहे. ती रडते आहे, पण थांबत नाही. त्याच्याकडे न पाहता बाजूने निघून जाते. क्षणभराने आतून तिचा आवाज ऐकू येतो : नव्या बाबूंना पाणी आणल्याची वर्दी ती देते आहे. नंदलाल नाण्याकडे पाहतो, ते खिशात ठेवतो आणि वाटेला लागतो. वाटेच्या कडेला वेडा विशय बसलेला आहे.

कथेतील पाणी जाणाऱ्यासाठी होते, चित्रपटातील पाणी येणाऱ्यासाठी आहे. या एका फिरवणीने राय यांनी रवींद्रांच्या कथेचा विषय बदलला, असे म्हणणे धाडसाचे होणार नाही. रवींद्रांचा भर भ्रांत आशेवर आहे. मानवी हृदय पुन्हा पुन्हा कसे फसते, यावर निवेदक शेवटी बोलतो. राय यांच्या चित्रपटात आशेला वेळच नाही. रतनचे दुःख खरे आहे, पण दुःख करण्यासाठी तिला सुट्टी मिळालेली नाही. नवा बाबू आंघोळीसाठी खोळंबला आहे. रडणे आणि बादली वाहणे ही दोन्ही कामे ती एकाच वेळी करते. कष्टकरी घरांतील कोणत्याही मुलीला हे समजावून सांगावे लागणार नाही.

नाण्याचा विचारही याच अंगाने केला पाहिजे. कथेत जवळजवळ महिन्याचा पगार आहे, चित्रपटात एक नाणे. रक्कम घटवल्याने नंदलाल कंजूष ठरतो असे नव्हे. घटते ती देण्याची जात. पगार हा कामाचा हिशेब होऊ शकला असता, नाणे बक्षिसीच होऊ शकते. आणि ज्या नात्याला दोघांनीही काही काळ दादा-बहिणीचे नाव दिले होते, त्यात बक्षिसी देता येत नाही. दुसरीकडे, ते नाते जर नोकरीचेच होते, तर एका नाण्याने इतक्या दिवसांची फेड होत नाही. नंदलाल खिशात परत टाकतो ते नाणे कोणत्याच खात्यावर जमा होण्याजोगे नाही. कथेतली रतन शब्दांनी नकार देते, पाय धरते. त्या नकारात याचना आहे. चित्रपटातल्या रतनला नकार द्यावाच लागत नाही, कारण तिने नाणे पाहिलेलेच नाही.

येथे कॅमेऱ्याची जागा लक्षात घेण्यासारखी आहे. कथेच्या निवेदकाला नावेतून उतरून पुन्हा काठावर येता येते, रतनच्या मनात शिरता येते. कॅमेरा तसे करीत नाही. तो नंदलालजवळ उभा राहतो. रतन चौकटीतून निघून जाते आणि उरतो तो फक्त आवाज. यावर असा आक्षेप घेता येईल की चित्रपट शेवटच्या क्षणी मुलीला सोडून पुरुषाच्या पश्चात्तापाकडे वळतो. आक्षेप निराधार नाही. पण तिच्या अश्रूंचे जवळून दर्शन घडवून प्रेक्षकाची करुणा गोळा करण्याचा मोह येथे टाळला गेला आहे, हेही खरे. प्रेक्षकाला नंदलालच्याच जागी उभे केले जाते. हातात नाणे, आणि देण्याला जागा नाही.

उणीव दाखवायची तर ती वयाची. चंदना बंदोपाध्याय या बालअभिनेत्रीचे काम इतके सहज आहे की तिच्यापुढे अनुभवी नटही फिके वाटावेत. पण ती कथेतील रतनपेक्षा लहान दिसते. बारा-तेराव्या वर्षाचा उंबरठा, लग्नाच्या बाजारातून वगळली गेलेली मुलगी, आणि म्हणूनच ‘मला न्याल का’ या प्रश्नामागचा अस्पष्ट, तिलाही न कळणारा अर्थ, हे सारे चित्रपटातून निसटले. मूल जितके लहान, तितकी करुणा सोपी आणि प्रश्न सुटसुटीत होतो. १८९१ च्या वादाशी कथेचा असलेला अबोल संबंध १९६१ च्या चित्रपटात राहिला नाही.

राबण्याचा प्रश्न मात्र राहिला, आणि तो आजही कायद्याच्या भाषेत तपासून पाहण्याजोगा आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात घरकामाचा समावेश प्रथम नव्हता. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांना घरगडी म्हणून ठेवण्यास बंदी आली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने या वयाखालील सर्वच नोकऱ्या निषिद्ध ठरल्या. त्या दुरुस्तीत एक अपवाद आहे : शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीत मुलाने स्वतःच्या कुटुंबाला मदत केली तर ते चालते. म्हणून कुटुंब कशाला म्हणावे याची व्याख्या कायद्याला करावी लागली. आई, वडील, भाऊ, बहीण आणि आईवडिलांची भावंडे एवढीच माणसे त्या व्याख्येत बसतात. मानलेला दादा बसत नाही. ‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे’ या वाक्यातल्या ‘सारखी’ या शब्दावर कायद्याने नेमके बोट ठेवले आहे. ज्या मुलींच्या बाबतीत हे वाक्य उच्चारले जाते, त्यांना ते किती वेळा खरे वाटलेले असते, हे कायदा विचारीत नाही. ते विचारण्याचे काम या कथेने आणि चित्रपटाने केले आहे.

परदेशात ‘तीन कन्या’ प्रथम दाखवला गेला तेव्हा ‘मणिहारा’ वगळून उरलेल्या दोन कथा एकत्र देण्यात आल्या. त्यामुळे तेथील प्रेक्षकाने ‘पोस्टमास्तर’ संपताच ‘समाप्ति’ पाहिली. तिच्यातली मृण्मयी मनाविरुद्ध लग्न लावले म्हणून रात्रीच झाडावरून उतरून पळते, रागावते, हट्ट धरते आणि शेवटी आपल्या मनाने नवऱ्याकडे परत येते. तिला घर आहे, आई आहे, सासू आहे. म्हणून तिला पळूनही जाता येते. रतनला दोन खोल्यांच्या टपाल कचेरीपासून विहिरीपर्यंतची वाट तेवढी आहे, आणि तीवर दिवसातून अनेकदा जावे लागते.